सहाच्या आत घरी

अमेरिकेतल्या रेडमंडमध्ये नीला काकूंच्या गराजमध्ये कोटांचं एक कपाट आहे. तिथल्या बहुतेक मराठी घरांना ते ठाऊक आहे. भारतातून कुणाचे आई-वडील सहा महिन्यांसाठी आले की देवदर्शनाआधी त्यांना त्या कपाटाशी नेतात. अकोल्यात किंवा मिरजेत जाडजूड कोट कोण कशाला घेऊन ठेवेल? तिथे थंडी म्हणजे जानेवारीतले दहा दिवस आणि एक मफलर. म्हणून काकूंकडून कोट न्यायचा, परतीच्या विमानाआधी धुऊन आणून द्यायचा, आणि देताना उजव्या खिशात पुढच्या पाहुण्यासाठी एक चिठ्ठी ठेवायची, अशी तिथली रीत.

चिठ्ठ्या वाचण्यासारख्या असतात. ‘बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणतात. आपणही म्हणावे.’ ‘ऊन पडले म्हणजे गरम आहे असे समजू नये. इथले ऊन फक्त बघण्यासाठी असते.’ ‘मुलगा आणि सून यांचे वाजले तर आपण फिरायला जावे. रस्ते सुंदर आहेत.’

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी आश्लेषा तिथे गेली ती सासूबाईंसाठी कोट आणायला. तिच्या लग्नाला आठ महिने झाले होते आणि अमेरिकेत येऊन सात. नवरा ईशान सॉफ्टवेअरमध्ये. तिला मात्र काम करायची परवानगी अजून नव्हती, त्यामुळे दिवसभर खिडकीत बसून हवा बघणं हाच तिचा उद्योग झाला होता. हे नीला काकूंच्या बरोबर लक्षात आलं. “तू कमी बोलतेस, म्हणजे लिहीत असणार,” असं म्हणून त्यांनी तिथल्या मराठी मंडळाचं एक काम तिच्या गळ्यात घातलं: येणाऱ्या पाहुण्यांसाठी इथल्या हवेची आणि फिरायच्या जागांची माहिती देणारं दोन पानी पत्रक. कधी यावं, काय घालावं, कुठे चालावं.

आश्लेषाने ते मन लावून लिहायला घेतलं होतं. ‘इथला पाऊस पडत नाही, तो असतो,’ असं पहिलंच वाक्य. जुलैत रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा संध्याकाळच्या चहाची वाट बघता बघता झोपायची वेळ होते, असं दुसरं.

“सासूबाई उंच आहेत का बुटक्या?” काकूंनी विचारलं.

“उंच. ईशानपेक्षा दोन बोटं कमी.”

“आणि स्वभावानं?”

आश्लेषाने आठवून पाहिलं. लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर मिळून शैलजाबाईंचा तिला एकूण अकरा दिवसांचा सहवास होता. त्यातले चार मेंदीत आणि पाहुण्यांत गेलेले. “सूचना वाचतात,” ती म्हणाली.

काकू हसल्या. त्यांनी एक निळा कोट काढून खुर्चीवर ठेवला, तेवढ्यात आत फोन वाजला आणि त्या गेल्या. आश्लेषाने कोट अंगाला लावून पाहिला. आखूड होता. कपाटात अगदी कडेला, बाकीच्यांपासून वीतभर अंतर राखून, एक लांब राखाडी कोट टांगलेला होता. पुरुषी बेताचा, लाकडी बटणांचा, वजनदार. त्याला ओल्या लाकडाचा आणि कुठेतरी लवंगेचा वास होता. तिने तो घेतला, निळा परत टांगला आणि दाराशी जाऊन म्हणाली, “काकू, दुसरा नेते.” काकूंनी फोन कानाला धरूनच हात हलवला.

गाडीत बसल्यावर तिने उजवा खिसा चाचपला. चिठ्ठी होती, जरा दमट. जुन्या शाळामास्तरी वळणाचं, टपोरं अक्षर.

‘अंधाराची वेळ घड्याळावर ठेवू नये. पानांचा रंग ओळखू येईनासा झाला की मागे फिरावे.’

तिला गंमत वाटली. हा नियम पाळायचा तर ऑक्टोबर ते एप्रिल रेडमंडमध्ये कुणी घराबाहेरच पडायला नको. तिने चिठ्ठी होती तिथे ठेवून दिली. त्या संध्याकाळी पत्रकाचा शेवटचा भाग लिहिताना तिने मास्तरांपेक्षा काटेकोर व्हायचं ठरवलं. आठवडाभराचे सूर्यास्त बघितले आणि ठळक अक्षरांत लिहिलं: ‘सध्या सहाच्या सुमारास अंधार पडतो. पायवाटेवर गेल्यास सहाच्या आत घरी यावे.’ काकूंना दाखवायच्या आधी पहिली प्रत तिने घरच्या फ्रिजवर लावली. घरचं माणूस आधी.

शैलजाबाई आल्या. अकोल्याच्या पोस्टात तेहतीस वर्षं टपाल लावलेली बाई. निवृत्तीनंतर दोन वर्षांत नवरा गेला तेव्हाही सगळे अर्ज स्वतः भरलेली. बोलणं मोजकं, पाठ ताठ. पहिल्याच दिवशी चष्मा लावून त्यांनी फ्रिजवरचं पत्रक उभ्याने वाचलं, दोन्ही पानं, आणि म्हणाल्या, “छान लिहिलंय. एकही शब्द फुकट नाही.” आश्लेषाला सात महिन्यांत इतकं बरं कुणी म्हटलं नव्हतं. ईशानने तर पत्रक फ्रिजवर आहे हेच चौथ्या दिवशी पाहिलं.

मग दोघींचं शांतपणे जुळलं. सकाळी दोघी पायवाटेने जायच्या. अपार्टमेंटच्या मागेच ती सुरू होते. एका लाकडी पाटीपासून आत वळली की दोन्ही बाजूंनी सीडरची झाडं, बुंधे दोघांच्या कवेत न मावणारे, फांद्यांवरून हिरवं शेवाळ दाढीसारखं लोंबणारं. खाली नेचे, आणि मेपलची पिवळी पानं ताटाएवढी. चाळीस मिनिटांवर एक तळं, काठाला बाक. तळ्यापासून पायवाटेला फाटे फुटतात; एक काकूंच्या घरामागे निघतो, बाकीचे कुठे जातात ते पाटीवर लिहिलेलं आहे, पण पाटीवर शेवाळ आहे.

“आमच्याकडे झाड म्हणजे सावली,” शैलजाबाई एकदा म्हणाल्या. “इथे सावलीच सावली, झाडं तिच्यात उभी.”

आश्लेषाने ते वाक्य मनात टिपून ठेवलं.

नोव्हेंबरचा पहिला रविवार उजाडला. त्या दिवशी अख्खा देश हिवाळ्यासाठी आपली घड्याळं एक तास मागे करतो. ईशान सकाळीच खुशीत. “आज एक तास फुकट मिळतो,” असं म्हणत तो स्टुलावर चढला आणि भिंतीवरचं घड्याळ एक तास मागे केलं. मग ओव्हनचं. मग गाडीचं. मार्चमध्ये घड्याळं पुढे गेली तेव्हा आश्लेषा अजून नाशिकला माहेरी व्हिसाची वाट बघत होती, त्यामुळे हा सोहळा तिला नवा. शैलजाबाई खुर्चीत बसून मुलाकडे बघत होत्या.

“आई, तुझं घड्याळ दे. ते पण करतो.”

त्यांनी मनगटावरचं काढून दिलं. “म्हणजे आता खरे किती वाजले?”

“खरे हेच.”

“आणि मघाशी होते ते?”

“ते पण खरेच होते. कालपर्यंत.”

“पोस्टात असं केलं असतं तर मेमो मिळाला असता,” शैलजाबाई म्हणाल्या आणि घड्याळ पुन्हा बांधलं.

आश्लेषा हसली. ती हसली हे तिला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं.

दुपारी ईशानला ऑफिसचा कॉल आला; त्या आठवड्याची ड्युटी त्याची होती, कुठला तरी सर्व्हर बंद पडला होता. तो हेडफोन लावून बेडरूममध्ये गेला. आश्लेषाने सांबारवड्याचा घाट घातला होता. साडेतीनला शैलजाबाई कोट घालून दाराशी आल्या. राखाडी कोट त्यांना असा बसला होता की जणू त्यांच्यासाठीच शिवलाय.

“जरा तळ्यापर्यंत जाऊन येते. तू कर तुझं.”

“फोन घ्या ना, आई.”

“त्यात अजून इथलं कार्ड कुठंय? नुसतं ओझं. सहाच्या आत येते, तुझ्या कागदात आहे तसं.”

दार लागलं. कुकर झाला, वडे तळायला तेल तापलं, खिडकीच्या काचेवर वाफ धरली. फोडणीसाठी आश्लेषाने मसाल्याचा डबा उघडला आणि मोहरी कुठली आणि जिरं कुठलं ते तिला कळेना. तिने दिवा लावला. दिवा लावल्यावर खिडकीची काच एकदम काळी झाली.

तिने ओव्हनकडे पाहिलं. चार छप्पन्न. मग तिने फ्रिजकडे पाहिलं.

‘सहाच्या आत घरी यावे.’ ठळक अक्षरांत. कालचे सहा म्हणजे आजचे पाच.

तेल तसंच ठेवून ती बेडरूमपर्यंत गेली आणि परत येऊन गॅस बंद करून पुन्हा गेली. “ईशान... आई तळ्यावर गेल्यात. अंधार पडला.”

“अगं, पाच पण नाही वाजले अजून...” हेडफोन काढता काढता त्याने खिडकी पाहिली आणि तो ताडकन उठला.

दोघं खाली धावले. बाहेर पाऊस नव्हता, पण हवेत पाणी उभं होतं. ओल्या सालीचा, कुजक्या पानांचा वास, आणि लांब कुणाच्या तरी शेकोटीचा. पाटीपाशी पोचेपर्यंत पायवाट चार पावलांवर मिटून गेली होती. फोनचा उजेड धुक्यात शिरला की दुधात बोट घातल्यासारखा तिथेच थांबायचा. ईशानने हाका मारल्या. “आई... आई गं...” जंगल इतकं ओलं होतं की हाक परतसुद्धा येत नव्हती. कुठेतरी फांदीवरून पाणी ठिबकत होतं, एवढंच.

ते दहा मिनिटं आत गेले आणि पहिल्याच फाट्याला थांबले. कुठे वळायचं? आश्लेषाचे दात वाजत होते. पारा पाच अंशांच्या खाली गेलेला, आणि वर आणखी ओल. “आपण पण हरवू,” ईशान म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान मुलाचा झाला होता. फोनला आत रेंज नव्हती. पोलिसांना फोन करायला तो रस्त्याकडे पळाला. तिला म्हणाला, पाटीपाशी थांब, दिवा वर धरून ठेव.

ती दिवा वर धरून उभी राहिली. दंड भरून आला. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: त्या बाईने आयुष्यभर लिहिलेल्यावर विश्वास ठेवला, आणि या वेळी लिहिलेलं माझं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पावलं ऐकू आली. ओल्या पानांवरची, सावकाश, एकसारखी. एकाच माणसाची वाटेनात.

धुक्यातून आधी एक हात आला. पुढे केलेला उजवा हात, मूठ अर्धी मिटलेली, कुणाची तरी बाही धरावी तसा. मागोमाग शैलजाबाई. अंगावर कोट नव्हता. सुती साडी आणि स्वेटर, केस ओले, डोळे समोर कुठेतरी लागलेले. आणि डावा हात मागे, अंधारात पसरलेला. गर्दीतून लहान मुलाला ओढून नेताना आईचा असतो तसा.

पाटीशी आल्यावर त्या थबकल्या. पुढे केलेला उजवा हात हळूच खाली आला, कुणीतरी सोडल्यासारखा. शेजारच्या अंधाराकडे बघून त्या कुणाला तरी “येते हं” म्हणाल्या. मग त्यांना आश्लेषा दिसली.

“उशीर झाला का गं?” त्यांनी विचारलं आणि मनगट दिव्याशी नेलं. “नाही... पावणेसहा. सहाच्या आत आले.”

आश्लेषाने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मिठी मारली. त्या बर्फासारख्या गार होत्या.

पोलिसांना परत पाठवून, घरी दुलयांत गुंडाळून, दुसरा कप चहा झाल्यावर त्या बोलल्या. ईशान पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत होता.

“बाकावर बसले होते. बदकं मोजत. उठले तेव्हा साडेचार. म्हटलं, दीड तास आहे हाताशी... आणि एकदम कुणीतरी झाकण लावलं बघ. पायाखालचं दिसेना. चालत राहिले, तर पुन्हा तळंच आलं. दोनदा. मग घाबरले.” त्यांनी कप खाली ठेवला. “तेवढ्यात एक गृहस्थ दिसले. म्हातारे. नुसत्या पांढऱ्या शर्टात, बाह्या दुमडलेल्या. म्हणाले, ‘तुमच्या घड्याळात किती झाले?’ मी म्हटलं, पाच. म्हणाले, ‘माझ्याही तेवढेच आहेत.’”

“मराठीत?” ईशानने विचारलं.

“मराठीतच. मला तेव्हा नवल नाही वाटलं. इथे अर्धं गाव आपलंच तर आहे... मी म्हटलं, अहो, गारठाल. ते म्हणाले, मला फार उकडतंय. पण हात थरथरत होते रे त्यांचे. मी कोट काढून त्यांच्या खांद्यावर घातला. त्यांनी बाह्यांत हात घातले, एकेक बटण लावलं, अगदी गळ्यापर्यंत. मग म्हणाले, ‘आता बरं वाटतंय. चला. माझी बाही सोडू नका. आणि मागच्यांचा हात धरा.’”

ईशानचे हात थांबले. “मागचे कोण?”

शैलजाबाईंनी आठवून पाहिलं. “होतं कुणीतरी. लहानसा हात होता, सैल कातडीचा. बाईमाणसाचा. मी वळून नाही बघितलं. अंधारात बघून काय दिसणार?”

त्या रात्री ईशान म्हणाला की अति थंडीत माणसाला भास होतात, त्याने वाचलंय. तिने फ्रिजवरचं पत्रक काढलं होतं आणि ते कुठे ठेवावं ते तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नीला काकूंकडे गेली. कोट हरवल्याचं सांगायचं होतं, आणि पत्रकातली चूक कबूल करायची होती. गाडीत तिने दोन-तीनदा वाक्य जुळवलं. काकूंनी गराजचं दार वर केलं, तिने तोंड उघडलं, आणि ते वाक्य तिथेच राहिलं.

राखाडी कोट कपाटात होता. कडेला, वीतभर अंतर राखून. बाह्यांतून टिपटिप पाणी गळत होतं आणि खाली सिमेंटवर छोटंसं थारोळं झालं होतं. लाकडी बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

काकू तिच्या आधी बोलल्या. “सकाळपासून बघतेय. मी कोट कधी बटणं लावून टांगत नाही.” मग सावकाश, “तू निळा नेला होतास ना?”

“नाही, काकू. हा नेला होता.”

नीला काकू खुर्चीवर बसल्या. तीस वर्षं त्या देशात काढलेली, कुणाच्याही घरी हॉस्पिटलपासून बारशापर्यंत पुढे असणारी बाई; पण त्या क्षणी त्या कुणाच्या तरी लहान मुलीसारख्या दिसल्या. आश्लेषाने सगळं सांगितलं. पत्रक, सहाची वेळ, तळं, पांढरा शर्ट. काकू जमिनीकडे बघत ऐकत होत्या.

“माझे वडील,” त्या म्हणाल्या. “तात्या. मिरजेला भूगोल शिकवायचे. अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन. पहिल्यांदाच आले होते. रोज चारला चहा घेऊन तळ्यावर जायचे आणि तोंडात लवंग... आदल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, सहाच्या आत या हं तात्या, सहाला अंधार पडतो. आणि रविवारी सकाळी मीच घरातली सगळी घड्याळं मागे केली. त्यांच्या मनगटावरचंसुद्धा. हसत हसत.”

बाहेर रस्त्यावरून एक स्कूल बस गेली.

“तिसऱ्या दिवशी सापडले. कोट अंगात नव्हता. एका पडक्या झाडावर नीट घडी करून ठेवलेला. डॉक्टर म्हणाले, गारठून जायच्या आधी माणसाला उकडायला लागतं. कपडे काढतात लोक. पण घडी कोण करतं गं? मी तो कोट एका मैत्रिणीकडून मागून आणला होता. लोकाची वस्तू म्हणून घडी केली त्यांनी.” काकूंनी पदर नव्हता तरी पदर शोधल्यासारखा हात गळ्याशी नेला. “मैत्रीण म्हणाली, ठेव तुझ्याकडेच. घरात ठेवला की ओला व्हायचा. कितीही वाळवा. मग चार नवे कोट आणून त्यांच्यात टांगला, तेव्हापासून कोरडा राहिला. असं झालं हे कपाट. मला वाटलं, त्यांना आपल्यासारख्यांची सोबत लागत असेल.”

“घड्याळाचं आम्हाला सांगायला हवं होतंत, काकू,” आश्लेषा म्हणाली. तिला स्वतःचंच नवल वाटलं.

“हो,” काकू म्हणाल्या. “दर वर्षी ठरवते. दर वर्षी तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून तर ते पत्रक तुला लिहायला सांगितलं. वाटलं, तू आपसूक लिहिशील.”

आश्लेषाने उठून कोटाच्या उजव्या खिशात हात घातला. चिठ्ठी अजून होती, भिजून मऊ झालेली, पण अक्षर पसरलं नव्हतं. काकूंनी ती हातात घेतली आणि वाचायच्या आधीच, नुसतं वळण बघून, डोळे मिटले.

“तात्यांचं अक्षर.”

“मग त्यांनी लिहून ठेवलं होतं तर...”

“चिठ्ठ्यांची पद्धत मी सुरू केली,” काकू म्हणाल्या, “ते गेल्यावर दोन वर्षांनी.”

काकूंनी त्या अक्षरावरून बोट फिरवलं आणि अगदी हळू विचारलं, “खरंच घातला त्यांनी कोट? स्वतःच्या हातानं?”

“बटणं लावली. आई म्हणाल्या, गळ्यापर्यंत. मग म्हणाले, आता बरं वाटतंय.”

काकू रडल्या. अकरा वर्षं साठलेलं असतं तसं, आवाज न करता आणि पुष्कळ. आश्लेषाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. निघताना दारात तिला ते आठवलं.

“काकू, तात्या त्या दिवशी एकटेच गेले होते ना?”

“एकटेच.”

“त्यांच्याबरोबर एखाद्या बाई...?”

“नाही गं. का?”

“काही नाही,” आश्लेषा म्हणाली.

ती घरी आली तेव्हा चार वाजून पन्नास मिनिटं झाली होती. अंगणातल्या मेपलची पानं पिवळी आहेत हे ठाऊक होतं म्हणून पिवळी दिसत होती. वर शैलजाबाई सोफ्यावर दुलई घेऊन झोपल्या होत्या. आज त्यांना खोकला नव्हता, ताप नव्हता, गालावर रंग आला होता. फक्त डावा हात दुलईच्या बाहेर, सोफ्याच्या कडेवरून खाली सोडलेला होता. बोटं अर्धी मिटलेली.

आश्लेषा जवळ जाऊन बसली. त्यांनी डोळे किलकिले केले.

“कोट मिळाला?”

“मिळाला.”

“बरं झालं. लोकाची वस्तू.” त्यांची जीभ झोपेने जड झाली होती. “अगं, मघापासून एकच आठवतेय. बाहेर आल्यावर त्यांनी बाही सोडवून घेतली, ते लख्ख आठवतंय... पण मागच्या बाईंचा हात मी कधी सोडला?”

त्यांना पुन्हा झोप लागली. आश्लेषाने त्यांचा उजवा हात पाहिला, उबदार होता. मग डावा हात दुलईत घ्यावा म्हणून मनगटाला धरला. तो नळाच्या पाण्यासारखा गार होता, आणि हलेना. ताठ नव्हता, अवघडलेला नव्हता. पलीकडून कुणीतरी तो धरून ठेवला होता; जोर करून नव्हे, अनोळखी गावात घाबरलेलं माणूस धरतं तसा.

तिने मनगट सोडलं. ओरडावं असं तिला वाटलं होतं, पण आठवलं ते निराळंच. सात महिन्यांपूर्वी विमानतळाबाहेर ईशानचा हात तिनेही असाच धरला होता.

ती उठली आणि घरातला एकेक दिवा लावला. कपाटातून आपली लोकरीची शाल काढली, परत आली, आणि शैलजाबाईंच्या हाताच्या पलीकडे, गालिच्याच्या मोकळ्या जागेवर ती अलगद सोडली.

शाल जमिनीला टेकली नाही.